गाडीतला संसार

अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू नावाचं शहर आहे. गूगलचं मुख्य ऑफिस तिथलंच. तिथं घरभाडं इतकं, की रोज कामावर जाणारी माणसंसुद्धा व्हॅनमध्ये राहतात. मागे गादी, छोटी शेगडी, पाण्याचा कॅन. भाडं वाचतं, पण आंघोळ-संडासाला बाहेर जायचं, आणि रात्री कुणी काच वाजवली की छातीत धस्स होतं. म्हणून सांता बार्बरा शहरात २००४ पासून रात्रीपुरती गाडी लावायला सुरक्षित जागा देतात. सकाळी मात्र निघायचं.

आपल्या डोक्यावर छप्पर आहे. पण ते कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. त्यावर तुमचं नाव आहे का, बघा. नसेल तर पुढच्या बैठकीत उतारा घेऊन या.