एका रुग्णाला ३.२ मिनिटे

सर्जन, किरणोपचार आणि केमोथेरपीचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि परिचारिका साधारण आठवड्यातून एकदा एकत्र बसून कर्करोगाच्या रुग्णांचे उपचार ठरवतात. आपल्याकडे याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. ब्रिटनमधल्या अशा बैठकांची पाहणी ‘कॅन्सर रिसर्च यूके’ या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात एका रुग्णावरची चर्चा सरासरी ३.२ मिनिटे चालल्याचे दिसले. निम्म्याहून अधिक चर्चा दोन मिनिटांतच आटोपल्या होत्या. खोली भरलेली असली तरी बोलणारे बहुतेक वेळा दोघे-तिघेच.

म्हणून बैठकाच नकोत, असे मात्र नाही. पश्चिम स्कॉटलंडमधल्या स्तनकर्करोगाच्या १४,३५८ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. ग्लासगोत १९९५ साली एकत्रित उपचारपद्धती सुरू झाली. त्याआधी तिथला या आजाराचा मृत्युदर शेजारच्या भागांपेक्षा ११ टक्के जास्त होता, नंतर तो त्या भागांपेक्षा १८ टक्के कमी झाला.

बैठका हव्यातच. प्रश्न आहे तो वेळेच्या वाटणीचा, आणि मला तो साध्या हिशेबाचा वाटतो. समजा, यादीत ४० रुग्ण आहेत. प्रत्येकी ३.२ मिनिटे धरली तर १२८ मिनिटे लागतात. यातल्या १६ जणांचे उपचार ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये चपखल बसतात असे धरू. त्यांचे नाव आणि योजना वाचून दाखवायला अर्धे मिनिट पुरते, म्हणजे सगळे मिळून ८ मिनिटे. उरलेल्या २४ जणांना प्रत्येकी ५ मिनिटे मिळतात. बैठक तेवढीच, डॉक्टर तेवढेच, पण अवघड रुग्णाचा वेळ दीडपटीहून जास्त. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०२० साली दिलेल्या सूचनांचा गाभा हाच आहे.

धोका सरळ आणि अवघड रुग्ण वेगळे करणाऱ्या चाळणीत आहे. कागदावर सरळ दिसणारी गाठ सत्तरीतल्या, मधुमेह आणि हृदयविकार असलेल्या, घरी एकट्या राहणाऱ्या बाईंची असू शकते. तेव्हा चाळणी अनुभवी डॉक्टरनेच लावावी, आणि ‘ही केस चर्चेला घ्या’ म्हणण्याचा हक्क परिचारिकेलाही असावा. घरची परिस्थिती बहुतेक वेळा तिलाच ठाऊक असते.

वेळेची दुसरी गळती तयारीतली. रुग्णाचा नंबर येतो, सीटी स्कॅन पडद्यावर दिसतो, पण बायोप्सीचा रिपोर्ट आलेला नसतो. केस पुढच्या आठवड्यावर जाते. इंग्लंडमध्ये तातडीने पाठवलेल्या रुग्णावर ६२ दिवसांत उपचार सुरू करण्याचे उद्दिष्ट आहे. त्यातले ७ दिवस, म्हणजे सुमारे ११ टक्के, एका कागदापायी जातात. गडचिरोलीहून मुंबईत आलेल्या कुटुंबाला तोच आठवडा राहण्याखाण्याच्या खर्चाचा आणि बुडालेल्या मजुरीचा पडतो. यादी आदल्या दिवशी बंद करून प्रत्येक रिपोर्ट हातात आहे की नाही हे तपासणारा एक पूर्णवेळ समन्वयक हा खर्च वाचवू शकतो. माझ्या मते बैठक सुधारायची तर पहिला पैसा या पदावर खर्च व्हावा.

भारतात २०२२ साली कर्करोगाचे अंदाजे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले. प्रत्येकासाठी मोठी बैठक शक्यच नाही. २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यात ऑनलाइन ट्यूमर बोर्ड चालतात आणि ग्रिडची उपचार-मार्गदर्शक तत्त्वेही तयार आहेत. जिल्ह्यातल्या केंद्राने सरळ केस या तत्त्वांनुसार हाताळाव्यात आणि अवघड तेवढ्याच, सगळ्या रिपोर्टांसह, ऑनलाइन बोर्डापुढे ठेवाव्यात.