साखरपुड्याआधी सांगायची गोष्ट

गेल्या महिन्यात ओपीडी संपत आली असताना एक कुटुंब आत आले. वडील यंत्रमाग कारखान्यात कामाला, आई घरी विड्या वळणारी आणि सोबत तेवीस वर्षांची मुलगी. मुलीची फाइल माझ्या ओळखीची होती. सतराव्या वर्षी तिला पहिल्यांदा फिट आली, तेव्हापासून ती माझ्याकडे येते. गोळ्या वेळेवर घेते. गेल्या तीन वर्षांत एकही फिट आलेली नाही. बी.कॉम. झाली आणि आता एका दुकानात हिशेब बघते.

वडिलांनी खुर्ची जरा पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "सायेब, पोरीचं जमलंय. पुढच्या महिन्यात साखरपुडा धरलाय. तिला काही आजार नाही असा एक कागद लिहून द्या. आन् त्या गोळ्या तेवढ्या बंद करता आल्या तर बघा. सासरी कुणी बघितलं तर पंचाईत व्हायची."

मी मुलीकडे पाहिले. "तुझं काय म्हणणं आहे?"

ती आईकडे बघत म्हणाली, "सर, त्यांच्याशी फोनवर चार वेळा बोलले. चारही वेळा सांगायचं ठरवलं होतं. मग दुसरंच काहीतरी बोलून फोन ठेवला."

असा कागद मी देत नाही. पण नुसते 'नाही' म्हणून त्यांना परत पाठवणेही बरे वाटेना. सगळ्यांना पुन्हा चार दिवसांनी यायला सांगितले आणि घरी निघालो. वाटेत भय्या चौकातून जाताना डॉ. कोटणीसांच्या स्मारकाकडे लक्ष गेले. आपल्या गावच्या या डॉक्टरांची गोष्ट सोलापूरकरांना पाठ असते. पण त्या गोष्टीतला एक भाग आपण फारसा बोलत नाही. डॉ. कोटणीस लढाईत गोळी लागून गेले नाहीत. ते गेले अपस्माराने, म्हणजे आपण ज्याला फिट येणे म्हणतो त्या आजाराने.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापुरातला. डॉक्टरकी मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात झाली. १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले आणि चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. १९३८ मध्ये सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचे पथक चीनला गेले. त्यात अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी आणि आपले कोटणीस होते. ते तिकडे असतानाच इकडे वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. तरीही ते परतले नाहीत.

१९४० मध्ये ते उत्तर चीनमधल्या युद्धभूमीवर होते. तिथे कॅनडाचे सर्जन डॉ. नॉर्मन बेथ्यून आधी काम करत. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये बेथ्यून वारले. त्यांच्या समाधीच्या उद्घाटनाला कोटणीस गेले होते. गुओ चिंगलान नावाच्या परिचारिकेने त्यांना पहिल्यांदा पाहिले ते तिथे. हा परदेशी डॉक्टर चिनी भाषा बोलतो, थोडीफार लिहितोसुद्धा, याचे तिला विशेष वाटले.

पुढे दोघे एकाच ठिकाणी कामाला लागले. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाची जबाबदारी कोटणीसांकडे आली. गुओ तिथे परिचारिकांना शिकवत असे. लढाई जोरात असताना कोटणीस सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया करत राहिले, असे सांगितले जाते. अशा दिवसांत माणसाचे खरे रूप लपत नाही. जेवायला न मिळाल्यावर तो कसा वागतो, रुग्ण दगावल्यावर कसा बसतो, हाताखालच्या माणसाशी थकलेल्या वेळी कसे बोलतो, हे सगळे शेजारी काम करणाऱ्याला दिसते. पहिल्या भेटीनंतर जवळजवळ दीड वर्षाने, १९४१ च्या अखेरीस, त्यांचे लग्न झाले. दोघांनी ठरवले आणि सहकाऱ्यांच्या साक्षीने झाले.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्हींची चिनी नावे जोडून त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. तोपर्यंत कोटणीसांची प्रकृती ढासळली होती. त्यांना फिट येत होत्या, तरी शिकवणे आणि शस्त्रक्रिया चालूच होत्या. ९ डिसेंबर १९४२ रोजी फिट थांबेनात आणि त्यातच ते गेले. वय बत्तीस, लग्नाला जेमतेम एक वर्ष. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. गुओ चिंगलान त्यानंतर सत्तर वर्षे जगल्या. भारतातही अनेकदा येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. चार वर्षांतच, १९४६ मध्ये, शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' आला आणि ही जोडी घरोघरी पोहोचली.

डॉक्टर म्हणून मला यात आणखी एक तारीख दिसते. फिटवर आजही वापरले जाणारे फेनिटोइन हे औषध १९३८ मध्ये वापरात येऊ लागले, म्हणजे कोटणीस चीनला निघाले त्याच वर्षी. फेनोबार्बिटोन तर त्याच्याही आधीचे, १९१२ पासूनचे. पण नाकेबंदी झालेल्या त्या डोंगराळ भागात साधी औषधेसुद्धा मोठ्या मुश्किलीने मिळत. आज ही दोन्ही औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. म्हणजे १९४२ मध्ये औषध हाताशी नव्हते, आणि आज औषध हाताशी असून लपवण्यापायी माणसे ते सोडतात.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असताना, अशाच एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले होते, "सांगावं का मुलाकडच्यांना?" मी घाईत होतो. म्हणालो, "तीन वर्षं फिट नाही ना? मग कशाला सांगता? गोळ्या चालू ठेवा म्हणजे झालं."

लग्नानंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा तिला रात्री दोन वाजता जीपमधून आणले. एकामागून एक फिट येत होत्या, मध्ये शुद्ध येत नव्हती. गोळ्यांची पुडी बॅगेच्या तळाशी तशीच सापडली. हळदीच्या दिवसापासून तिने एकही गोळी घेतली नव्हती. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, सासूच्या समोर घेणार कशी? त्यात हळदीची रात्र, लग्नाची दगदग, जागरण-गोंधळ, देवदर्शनाचा प्रवास, उपवास. सलग चार रात्री झोप नाही. फिटचा आजार असलेल्या माणसाला गोळी चुकणे आणि जागरण या दोन गोष्टी एकत्र येणे फार घातक. ती वाचली. पण पुढचे दोन दात तुटले होते.

सकाळी नवरा व्हरांड्यात उभा होता. शिवीगाळ करेल असे वाटले होते. तो एवढेच म्हणाला, "डॉक्टर, मला कुणी सांगितलं का नाही? रात्री मला काही सुचेना. दातखिळी बसली म्हणून मी तिच्या तोंडात चमचा घातला."

ते लग्न टिकले नाही. आजारामुळे मोडले असे लोक म्हणाले. मला मात्र तसे वाटत नाही, आणि त्यात माझा वाटा किती हे मला ठाऊक आहे. तेव्हापासून लग्नाचा विषय निघाला की मी घाई करत नाही.

आजार काय आहे, काय नाही

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. हे संदेश अचानक, एकाच वेळी आणि अवाजवी सुटले की फिट येते. तापात, साखर फार कमी झाल्यावर किंवा डोक्याला मार लागल्यावर एखादी फिट कोणालाही येऊ शकते. तेवढ्यावरून तो माणूस अपस्माराचा रुग्ण ठरत नाही. असे तात्कालिक कारण नसताना पुन्हा फिट आली, तर आपण अपस्मार म्हणतो. जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषध मिळाले तर दहापैकी सात जण फिटविना राहू शकतात.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. तो वेड नाही, करणी-बाहेरची बाधा नाही. आईला किंवा वडिलांना फिट येत असली तरी बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. 'लग्न केलं की फिट जाते' हाही निव्वळ गैरसमज आहे. उलट वर सांगितल्याप्रमाणे लग्नाच्या धावपळीतच फिट येण्याचा धोका वाढतो.

कायदा काय म्हणतो

१९७६ मध्ये हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा वारंवार फिट येणाऱ्या व्यक्तीला विवाहास अपात्र ठरवणारे शब्द त्यात आले. डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटनांनी त्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि १९९९ मध्ये ते शब्द काढून टाकण्यात आले. म्हणजे आज फिट येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला लग्न करण्याचा इतर कोणाइतकाच हक्क आहे. मात्र महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली, या कारणाने लग्न रद्द करण्याची मागणी न्यायालयात करता येते. त्यामुळे 'एकदा लग्न होऊ द्या, मग बघू' हा सल्ला माणुसकीला धरून नाही आणि सोयीचाही नाही.

कधी सांगायचे, कसे सांगायचे

कांदेपोह्याच्या पहिल्या बैठकीत, वीस नातेवाइकांसमोर सांगण्याची गरज नाही. तो खासगी विषय आहे. पण पसंती कळल्यानंतर आणि सुपारी फुटण्याआधी, दोघांनी एकमेकांशी बोलावे. ज्याला आजार आहे त्याने स्वतः सांगावे, मध्यस्थाकरवी नको. आजाराचे नाव, शेवटची फिट कधी आली, कोणती गोळी चालू आहे, एवढे सांगितले की पुरे. मग समोरच्याला डॉक्टरांकडे घेऊन यावे. हे मुलांनाही लागू आहे. मुलाची फिट लपवणारे आईवडील मी जास्त पाहिले आहेत.

मुलींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. लग्न ठरत असेल तर औषधांचा फेरविचार करून घ्यावा. व्हॅलप्रोएट हे औषध गरोदरपणात बाळाला अपाय करू शकते, म्हणून शक्य तिथे ते आधीच बदलावे लागते. लेव्हेटिरासेटाम, लॅमोट्रिजीन ही औषधे त्या मानाने सुरक्षित आहेत. काही औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. दिवस राहण्याआधीपासून फॉलिक अॅसिड सुरू करावे लागते. हे सगळे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे, आणि औषध स्वतःहून कधीही बंद करायचे नाही. फिट थांबून काही वर्षे झाली की गोळ्या हळूहळू कमी करण्याचा विचार करता येतो, पण लग्नाचा महिना ही त्याची वेळ नव्हे.

आणि घरातल्या प्रत्येकाला हे माहीत हवे:

- फिट आली की माणसाला सुरक्षित जागी कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
- तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका.
- कांदा, चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. त्यात वेळ घालवू नका.
- घड्याळ बघा. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर लगेच १०८ ला फोन करा.

चार दिवसांनी ते कुटुंब पुन्हा आले. मी वडिलांना त्या जुन्या मुलीची गोष्ट सांगितली, माझी चूकही सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोडलं तर, सायेब?"

"मोडू शकतं," मी म्हणालो. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता. "पण आता मोडलं तर चार दिवस वाईट वाटेल. नंतर मोडलं तर तिचा जीव पणाला लागेल."

त्या रात्री तिने फोनवर सांगितले. दोन दिवस तिकडून काहीच उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी तो मुलगा एकटाच माझ्या ओपीडीत आला, केसपेपर काढून, रांगेत उभा राहून. त्याने प्रश्न लिहून आणले होते. मुलांना होईल का? गाडीवर मागे बसली तर चालेल का? उपवास करू द्यायचे का? शेवटचा प्रश्न होता, "रात्री आली तर मी नेमकं काय करायचं?" मी त्याला कुशीवर कसे वळवायचे ते तपासणीच्या टेबलावर करून दाखवले.

त्याच्या आईला पटायला आणखी पंधरा दिवस लागले. त्यामुळे साखरपुडा पुढे गेला, पण झाला. लग्न दिवाळीनंतर आहे. जागरण-गोंधळ रात्रभर न ठेवता संध्याकाळी लवकर उरकायचा, असे दोन्ही घरांनी ठरवले आहे. परवा तिची आई गोळ्या न्यायला आली होती. या वेळी तिने दोन महिन्यांच्या मागितल्या. एक डबा इकडे राहील आणि एक सासरी, फळीवर, सगळ्यांना दिसेल असा.