वासाचे घराणे

बांगडे आणले की घरात दोन तट पडतात. एकाला कधी एकदा ताटावर बसतो असे होते, दुसरा नाकाला रुमाल लावून गॅलरी गाठतो. आई मात्र दोघांकडे लक्ष न देता तुकड्यांना मीठ, हळद आणि आमसुलाचे आगळ चोळून ठेवते. अर्ध्या तासात हिवसाण वास निम्मा होतो. हे रसायनशास्त्र कोकणातल्या बायका कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता शिकल्या आहेत.

खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी समुद्रातला मासा अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य बाळगतो. त्याला वास नसतो. मासा मेला की जिवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि उरते ते ट्रायमिथाइलअमाइन. तोच तो वास! गोड्या पाण्यातल्या माशांत मूळ द्रव्यच थोडे, म्हणून त्यांचा वासही वेगळा.

या अमाइनांचे मूळपुरुष म्हणजे अमोनिया. एक नायट्रोजन, त्याला तीन हायड्रोजन. त्यातला एक हायड्रोजन काढून तिथे कार्बनचा गट बसवला की प्राथमिक अमाइन, दोन बदलले की द्वितीयक, तिन्ही बदलले की तृतीयक. नाव ठेवण्याची रीतही सरळ आहे: मिथाइलचे तीन गट, म्हणून ट्रायमिथाइलअमाइन. (सगळीच नावे इतकी सभ्य नाहीत. कुजण्यावरून प्युट्रेसिन आणि प्रेतावरून कॅडॅव्हरिन अशी दोन अमाइने आहेत. वास घेतलेल्यांनीच ती ठेवली असावीत.) फ्रान्समध्ये वुर्ट्झ यांनी 1849 साली पहिली अमाइने तयार केली. पाठोपाठ हॉफमन यांनी अमोनियातले हायड्रोजन एकेक करून बदलता येतात हे दाखवले.

या घराण्याचा स्वभाव नायट्रोजनपाशी मोकळ्या असलेल्या इलेक्ट्रॉनांच्या एका जोडीत आहे. आम्ल भेटले की ही जोडी त्याचा हायड्रोजन धरून ठेवते आणि क्षार बनतो. क्षार हवेत उडत नाही, पाण्याबरोबर धुतला जातो. म्हणजे आमसूल वास झाकत नाही, त्याला जखडून टाकते. शिळा मासा मात्र त्याने ताजा होत नाही, हे लक्षात ठेवावे. सर्दीच्या गोळीच्या वेष्टनावर ‘सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड’ लिहिलेले असते. तिथेही अमाइनाला आम्लाशी बांधून पाण्यात विरघळणारा क्षार केलेला असतो.

या घराण्यातल्या एका अमाइनाचे नाव तर आपल्याच मातीतले आहे. 1840 मध्ये फ्रित्शे यांनी नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवली आणि मिळालेल्या तेलाला ‘ॲनिलिन’ म्हटले. हे नाव निळीच्या झाडाच्या ‘अनिल’ या नावावरून आले, आणि ‘अनिल’ अरबी-पोर्तुगीज वाटेने गेलेल्या संस्कृत ‘नील’वरून. ॲनिलिनमध्ये ती मोकळी जोडी बेंझिनच्या कड्याकडे ओढली जाते, म्हणून ते अमोनियापेक्षाही दुबळे आम्लारी आहे.

पुढे ॲनिलिनसाठी निळीची गरजच उरली नाही. दगडी कोळशाच्या डांबरातून बेंझिन, त्यापासून नायट्रोबेंझिन आणि 1854 सालच्या बेशाँ यांच्या रीतीने, लोखंडाच्या किसाच्या मदतीने, ॲनिलिन. दोनच वर्षांनी लंडनमध्ये अठरा वर्षांचा पर्किन त्यापासून क्विनाइन करायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. कारखान्यांतून रंगांचा पूर आला. 1897 मध्ये बीएएसएफने कारखान्यातली नीळ बाजारात आणली. तिची सुरुवात डांबरगोळ्यांतल्या नॅप्थालिनपासून होई आणि वाटेत एक अमाइन लागेच.

तिकडे चंपारणमध्ये रयतेला वीस कठ्ठ्यांमागे तीन कठ्ठ्यांत नीळ लावण्याची सक्ती होती. भाव कोसळले तेव्हा मळेवाल्यांनी सक्तीतून सुटका दिली, पण त्या बदल्यात खंड वाढवला. जर्मनीतल्या शोधाचा तोटा बिहारच्या शेतकऱ्याच्या माथी आला. 1917 चा सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला आणि 1918 च्या कायद्याने ‘तीनकठिया’ गेली.

रंगांची किंमत कारखान्यातल्या कामगारांनीही मोजली. त्यांच्या मूत्राशयात गाठी होत असल्याचे फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक रेन यांनी 1895 मध्ये सांगितले. खरे गुन्हेगार ॲनिलिनपेक्षा त्याची भावंडे, बेंझिडिन आणि नॅप्थिलअमाइन, हे कळायला पुढची काही दशके गेली. अशी अमाइने सोडणाऱ्या अझो रंगांवर जर्मनीने 1994 मध्ये बंदी घातली, भारताने 1997 मध्ये. मधे शंभर वर्षे गेली होती.