कर्जाचा हिशेब उजेडात हवा

डहाणू-उंबरगावच्या रानात एकेकाळी ‘लग्नगडी’ नावाची प्रथा नांदत होती. लग्नासाठी घेतलेल्या क्षुल्लक रकमेपायी वारली तरुण, आणि त्याच्यासोबत त्याची नवपरिणीत पत्नीही, सावकाराच्या वेठीस बांधली जाई. फेडीचा हिशेब सावकाराच्याच वहीत राही. साहजिकच तो कधी संपत नसे. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी या वेठीविरुद्ध उठाव केला. पुढे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी नष्ट ठरविली आणि तिच्या मुळाशी असलेली कर्जेही रद्द केली.

आज त्याच परिसरात, पालघरच्या कचेऱ्यांत, शाळांत आणि बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत राबणारा पगारदार कोणाचा गडी नाही. तथापि एका पतपेढीचे कर्ज दुसरीकडून काढून फेडणारा, मित्राला जामीन राहून फसलेला वा खासगी सावकाराच्या दारी गेलेला माणूस तितकाच जखडलेला असतो. फरक इतकाच की, येथे हिशेब सावकाराने नव्हे, लाजेने दडविलेला असतो. पत्नीलाही तो ठाऊक नसतो.

वस्तुतः कायदा ऋणकोला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. निव्वळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडता न येणाऱ्यास तुरुंगात डांबता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच बजावले. दिवाणी हुकूमनाम्यापोटी पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० रुपये आणि उर्वरित रकमेचे दोन-तृतीयांश तीतून मुक्त असतात. बँकेच्या वसुली हस्तकांना सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. विनापरवाना सावकारी हा राज्याच्या २०१४ च्या कायद्याने गुन्हा असून त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते.

म्हणून पहिली पायरी ही की, सर्व कर्जे, व्याजदर आणि हप्ते एका कागदावर मांडून तो कागद घरात दाखवावा. सर्वांत महागडे कर्ज आधी फेडावे. हप्ता थकण्यापूर्वीच बँकेकडे मुदतवाढ लेखी मागावी. तडजोड शक्य असल्यास लोकअदालतीत जावे. तेथे न्यायशुल्क नाही आणि निवाड्यावर अपीलही नाही. सारेच मार्ग खुंटले, तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली न्यायालयात अर्ज करता येतो. त्यात मालमत्ता जाते व पतही जाते. म्हणून तो अखेरचाच उपाय होय.

नवे कर्ज काढून जुने झाकणे हा मात्र उपाय नव्हे. वारल्यांची वेठ सुटली ती एकेकट्याने मुकाट सोसण्याने नव्हे, तर आपले दुःख चारचौघांत बोलून दाखविल्याने. सुशिक्षित पगारदाराने त्यांच्यापासून एवढे तरी शिकावयास हरकत नाही.