गाईड जंगल दाखवतो म्हणजे काय करतो? कोस्टा रिकातली एक दिवसाची सहल

आज आपण पर्यटनाबद्दल बोलणार आहोत, पण कुठे राहावं, काय खावं याबद्दल नाही. आजचा प्रश्न असा आहे: सकाळी निघून संध्याकाळी परतणारी, गाईडसोबतची निसर्गसहल जंगलाच्या उपयोगाची असते की जंगलाला ओरबाडणारी? हा प्रश्न नीट तपासायचा तर कोस्टा रिकासारखं दुसरं उदाहरण नाही.

आधी आकार लक्षात घ्या. मध्य अमेरिकेतल्या या देशाचं क्षेत्रफळ साधारण 51,100 चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या महाराष्ट्रात असे सहा देश मावतील. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक आणि मधून ज्वालामुखींची डोंगररांग. त्यामुळे एका मुक्कामावरून सकाळी ज्वालामुखीचा डोंगर बघायचा, दुपारी नदीत उतरायचं, हे इथे जमतं. एकदिवसीय सहलींचा धंदा इथे फोफावला, त्याचं एक साधं कारण हा भूगोल आहे.

पण नुसत्या भूगोलाने धंदा होत नाही, जंगलही उरावं लागतं. आणि ते जवळजवळ संपलं होतं. 1940च्या दशकात देशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली होता. पुढे गुरांच्या कुरणांसाठी, मांसाच्या निर्यातीसाठी झाडं पडत गेली आणि 1980च्या दशकापर्यंत जेमतेम पाव भाग राहिला. आज तो पुन्हा निम्म्याहून अधिक झालाय. मांसाचे भाव पडले, कुरणं ओस पडली, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग म्हणजे 1996चा वनकायदा. या कायद्याने जंगल तोडून जमिनीचा वापर बदलायला बंदी घातली. आणि जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली, त्यासाठी इंधनावरच्या करातला वाटा वापरला. कशाचे पैसे? कायद्यात चार सेवा मोजल्यात: कार्बन धरून ठेवणं, पाणी राखणं, जैवविविधता आणि चौथी म्हणजे निसर्गसौंदर्य. बघा, डोळ्यांना दिसणारं सौंदर्य ही कायद्यात लिहिलेली सेवा आहे. आणि ते सौंदर्य प्रत्यक्ष दाखवून त्यावर पोट भरणारा माणूस म्हणजे गाईड.

आता आपण मोंतेवेर्देला जाऊ. 1951 साली अमेरिकेच्या अलाबामा राज्यातून क्वेकर पंथाची काही कुटुंबं इथे येऊन वसली. सक्तीची लष्करभरती त्यांच्या धर्माला मान्य नव्हती. कोस्टा रिकाने 1948 साली सैन्यच बरखास्त केलेलं, म्हणून त्यांनी हा देश निवडला. त्यांनी दुग्धव्यवसाय, चीज असं सुरू केलं, पण डोंगरमाथ्यावरचं जंगल तोडलं नाही. खालचं पाणी त्या जंगलावर अवलंबून आहे हे त्यांना कळलं होतं. पुढे 1972 मध्ये तिथे राखीव क्षेत्र उभं राहिलं.

हे ढगांचं जंगल आहे. कॅरिबियनकडून येणारे वारे डोंगर चढतात, थंड होतात, त्यांचे ढग होतात आणि ते थेट झाडांमध्ये शिरतात. पानं, शेवाळ, ऑर्किड हे सगळे त्या धुक्यातून पाणी ओढून घेतात. तुम्ही एकटे गेलात तर काय दिसेल? हिरवं, ओलं आणि धुकं. केट्झाल नावाचा लांब शेपटीचा हिरवा-लाल पक्षी बघायला लोक जगभरातून येतात, तो डोक्यावर बसलेला असला तरी दिसत नाही. गाईडला मात्र माहीत असतं की हा पक्षी रानटी अ‍ॅव्होकाडोच्या जातीची लहान फळं खातो. म्हणजे या आठवड्यात कुठलं झाड फळाला आलंय, हे आधी कळायला हवं. तो झाड शोधतो, मग पक्षी. तिकाई रोवून दुर्बीण लावतो आणि तुम्हाला म्हणतो, या, बघा. तुम्ही पैसे मोजता ते या ज्ञानाचे.

याच जंगलात सोनेरी भेक नावाचा बेडूक होता. 1989 नंतर तो कुणालाही दिसलेला नाही. राखीव क्षेत्र होतं, पहारा होता, तरी गेला. त्यामुळे पर्यटनाने सगळं वाचतं असं कुणी म्हणालं, तर हे उदाहरण आठवा.

केबलला लटकून झाडांच्या शेंड्यांवरून घसरत जायचा जो खेळ आज सगळीकडे झिपलाईन म्हणून चालतो, त्याची मुळंही या देशात आहेत. 1970च्या दशकात शास्त्रज्ञ इथे दोर लावून शेंड्यांवर चढले, कारण जंगलातलं बरंचसं जीवन तिथे वर असतं. पुढे 1990च्या दशकात त्याची करमणूक झाली. करमणुकीत चूक काही नाही. पण ताशी वेगाने किंचाळत जाणाऱ्याला केट्झाल दिसणार नाही, हे समजून तिकीट काढावं.

नदीचं उदाहरण वेगळं आहे. पाकुआरे नदी राफ्टिंगसाठी प्रसिद्ध आहे. तिच्यावर वीजनिर्मितीचं धरण बांधायचा प्रस्ताव होता. 2005 साली तुरियाल्बा भागातल्या लोकांनी मतदानात धरणाच्या विरोधात कौल दिला. वाहत्या नदीवर ज्यांची रोजीरोटी आहे, अशी माणसं गावात असली की नदीच्या बाजूने बोलणारं कुणीतरी असतं. सहलीच्या धंद्याचा हा मोठा फायदा मला वाटतो.

आता सर्वात नाजूक जागा. तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येतात, मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर. रात्री किनाऱ्यावर परवानाधारक गाईडशिवाय जाता येत नाही. कॅमेरा नाही, टॉर्च नाही, कपडे गडद. का? मादी वाळूवर चढत असते तेव्हा उजेड किंवा हालचाल दिसली तर ती अंडी न घालताच परत फिरते. एकदा अंडी घालायला लागली की ती सहसा थांबत नाही, म्हणून त्यानंतरच गटाला जवळ नेतात. नियम जाचक वाटतात, पण प्रत्येकामागे कासवाची एक सवय आहे.

नियम सुटले की काय होतं? पॅसिफिक बाजूला ओस्तियोनाल इथे ऑलिव्ह रिडले कासवं एकदम हजारोंनी येतात, त्याला अरिबादा म्हणतात. 2015च्या सप्टेंबरमध्ये तिथे पर्यटकांची इतकी गर्दी झाली की लोक कासवांच्या वाटेत उभे राहिले, फोटो काढत बसले, आणि कित्येक माद्या अंडी न घालता समुद्रात परतल्या. जंगल तेच, कासव तेच, पण मधला गाईड नव्हता.

याच गावात आणखी एक व्यवस्था आहे, ती ऐकून पहिल्यांदा धक्का बसतो. अरिबादाच्या सुरुवातीच्या ठराविक तासांत गावकऱ्यांना कायद्याने अंडी काढता येतात. तर्क असा की पुढच्या रात्री येणाऱ्या माद्या तीच वाळू उकरतात, आधीची अंडी तशीही फुटतात. मोबदल्यात गावकरी किनारा साफ ठेवतात, चोरीवर नजर ठेवतात. याच जातीची कासवं आपल्या कोकणात वेळास, आंजर्ल्याला येतात. तिथेही गावकरी घरटी राखतात आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला आलेल्या पाहुण्यांना घरात ठेवून घेतात. पद्धत वेगळी, पण सूत्र एकच: राखणाऱ्याच्या घरात चार पैसे गेले पाहिजेत.

मग सहल निवडताना काय विचारायचं? तीन गोष्टी. गाईड त्याच भागातला आहे का, आणि त्याच्याकडे परवाना आहे का? कोर्कोवादोसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर 2014 पासून गाईड सक्तीचा आहे. दुसरं, एका गटात किती माणसं? तिसरं, प्राणी दिसेलच अशी हमी कुणी देतंय का? देत असेल, स्लॉथ हातात घेऊन फोटो काढायला मिळेल असं सांगत असेल, तर तिथून उठा. ज्या प्राण्याची हमी देता येते तो प्राणी बहुधा पकडून ठेवलेला असतो.

चांगला गाईड तुम्हाला कधीकधी म्हणेल, आज पुढे जायचं नाही. पोआस ज्वालामुखीवर 2017च्या स्फोटानंतर उद्यान बंद ठेवलं, आणि पुन्हा उघडल्यावर हेल्मेट घालून, मोजून काही मिनिटंच मुखाशी थांबू देऊ लागले. इतक्या लांबून आलो आणि वीस मिनिटं, असं वाटतं खरं. पण त्या "नाही"चेही पैसे आपण दिलेले असतात, आणि माझ्या मते तिकिटातला तोच भाग सगळ्यात वसूल होतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.