काडेपेटीची गोष्ट आणि आपली ग्रामसभा

मैत्रिणींनो, आम्ही अंबरनाथ पश्चिमेच्या बायका आज तुमच्याशी बोलतोय.

सकाळी चूल नाहीतर शेगडी पेटवायला आपण काडेपेटी हातात घेतो. आज तिचीच गोष्ट ऐका. आमच्या स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षावाल्याला 'विम्को नाका' म्हटलं, की तो बरोबर आणून सोडतो. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. १९२२ मध्ये इंग्रज सरकारने बाहेरून येणाऱ्या काडेपेट्यांवर जबर जकात बसवली. तेव्हा स्वीडनच्या कंपनीने हिशेब केला, की माल बोटीने आणण्यापेक्षा कारखानाच इथे काढलेला बरा. १९२३ मध्ये विम्को उभी राहिली आणि अंबरनाथला काडेपेट्या बनू लागल्या. पुढे कंपनीचे मालक बदलले, कारखाना बंद पडला. नाक्याला नाव तेवढं राहिलं.

यातून दोन गोष्टी कळतात. भांडवल, म्हणजे नफ्यासाठी धंद्यात घातलेला पैसा, जिथे फायदा तिथे जातो. तो समुद्र ओलांडून येतो आणि तसाच निघूनही जातो. दुसरी गोष्ट अशी, की एका सरकारी नियमाने त्या पैशाला वाट बदलायला लावली. तेव्हाचं सरकार आपण निवडलेलं नव्हतं. आजचं आपल्या मतावर उभं आहे. मग नियम करताना आपल्याला कोण विचारतं?

आमचा अनुभव सांगतो. आमच्यातल्या काही जणी एका कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगला जायच्या. एके दिवशी फोन आला, "सोमवारपासून येऊ नका." ठेकेदार म्हणाला, कंपनीला विचारा. कंपनीच्या गेटवर सांगितलं, ठेकेदाराला विचारा. माल परदेशी जायचा, ऑर्डर तिकडेच थांबली होती म्हणे. आमच्याकडे ना नेमणुकीचं पत्र, ना पगाराची पावती. दाद कुठे मागणार? तेव्हा समजलं, पाच वर्षांनी एकदा बोटाला शाई लावून घेतली म्हणजे नागरिकाचं काम संपलं असं नाही. मधल्या पाच वर्षांतही आपलं म्हणणं मांडावं लागतं, आणि ते कागदावर आणावं लागतं.

हे जमतं का? रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्याचं उदाहरण घ्या. २००५ मध्ये देशात विशेष आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे सेझचा कायदा झाला. निर्यात वाढावी म्हणून अशा क्षेत्रातल्या उद्योगांना करात सवलती मिळतात. पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांत रिलायन्सचं महामुंबई सेझ व्हायचं होतं. त्यासाठी भातशेतीच्या जमिनी जाणार होत्या. गावं उठली, मोर्चे निघाले, बायकाही रस्त्यावर आल्या. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने जमीनधारकांचं मत घेतलं. त्याचा निकाल सरकारने जाहीर केला नाही. पण भूसंपादनही मुदतीत पुरं झालं नाही, आणि ते सेझ तिथे झालं नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मत जमीनधारकांचं घेतलं. शेतात राबणारी बाई, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, तर तिला कोण विचारणार? म्हणून तलाठ्याकडून आपल्या शेताचा उतारा काढून आपलं नाव आहे का ते आधी पाहा.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. गावाच्या मतदारयादीत जिचं नाव, ती ग्रामसभेची सभासद. तिथे आपल्या वतीने दुसऱ्या कोणी बोलायची गरज नाही. वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि नियमित ग्रामसभेआधी बायकांची महिला सभा व्हायला हवी. ग्रामसभेला १०० किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातली कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला ही अट नसते. म्हणजे आपण घरी बसलो, तर चार माणसं मिळून आपल्या गावाचं ठरवू शकतात.

माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. साधा अर्ज आणि दहा रुपये फी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फीसुद्धा नाही. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. गावात कोणता प्रकल्प येतोय, पंचायतीने कोणत्या कागदावर सही केली, हे त्यातून विचारता येतं. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणाची परवानगी देण्याआधी पुष्कळदा जनसुनावणी घ्यावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ तिची सूचना वर्तमानपत्रात देतं. तिथे तोंडी बोलता येतं, लेखी हरकतही देता येते. हरकतीच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

आम्ही नगरपरिषदेत राहतो. आम्हाला ग्रामसभा नाही. वॉर्डातल्या कामासाठी नगरसेवकाच्या दारात उभं राहावं लागतं. गावाचं शहर झालं, की रस्ते, नळ येतात, पण हक्काने बसायची ती सभा जाते. तुमच्याकडे ती अजून आहे. कारखाना नकोच, असं आमचं म्हणणं नाही. आमचीही चूल त्याच पगारावर पेटते. पण तो आपल्याला विचारून यावा, पाणी किती घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, गावातल्या किती बायकांना पत्र देऊन कामावर घेणार, हे आधी सांगावं.

गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला, की एवढंच करा. मागची महिला सभा कधी झाली ते ग्रामसेवकांना विचारा आणि तिचं इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. सभा झालीच नसेल, तर ती घ्या म्हणून अर्ज लिहा. खाली सगळ्या जणींनी सह्या करा.