अंधेरीचा गोखले पूल : बांधकामातील कालक्रमाचे व्यवस्थापन

मुंबईच्या पश्चिम उपनगरात पूर्व-पश्चिम जाणारा मनुष्य अखेर रेल्वेच्या रुळांपाशी येऊन थांबतो. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत लोहमार्गाने उपनगराचे दोन भाग केले असून त्यांना जोडणारे पूल व भुयारी मार्ग मोजकेच आहेत. अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल हा त्यांपैकी एक. १९७५ साली बांधलेला हा पूल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी धोकादायक ठरवून वाहतुकीस बंद करण्यात आला आणि ११ मे २०२५ रोजी पूर्णतः खुला झाला. या अडीच वर्षांत पावसाळ्यात पाणी भरणारा अंधेरीचा भुयारी मार्ग, विलेपार्ल्याचा कॅप्टन गोरे पूल आणि जोगेश्वरीचा बाळासाहेब ठाकरे उड्डाणपूल यांवर सारा भार पडला. शाळेची बस, रुग्णवाहिका आणि भाजीचा टेम्पो एकाच रांगेत उभे राहिले.

मूळ प्रश्न त्याही आधीचा आहे. ३ जुलै २०१८ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, या पुलाच्या पदपथाचा भाग रुळांवर कोसळला. त्यात दोघांचा मृत्यू झाला व पश्चिम रेल्वेची वाहतूक दीर्घकाळ ठप्प झाली. रुळांवरील भाग रेल्वेच्या हद्दीतला आणि दोन्ही बाजूंचे उतार महानगरपालिकेचे. अशा पुलाला दोन धनी असतात, आणि ज्या घराला दोन धनी त्या घराची दुरुस्ती कोणी काढावी हा प्रश्न गावोगावच्या पंचायत सदस्यांना काही नवा नाही.

पुनर्बांधणीत जुना रेल्वेवरील भाग पाडण्याचे काम पश्चिम रेल्वेने केले, नवा बांधण्याचे काम महानगरपालिकेकडे राहिले. म्हणजे एका यंत्रणेचे काम संपल्याखेरीज दुसरीस रुळांवर हात घालता येत नव्हता. बांधकाम व्यवस्थापनाच्या शास्त्रात अशा साखळीस फार महत्त्व आहे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ अर्थात निर्णायक मार्गाची पद्धत विकसित झाली. पाठोपाठ १९५८ मध्ये त्या देशाच्या नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या प्रकल्पासाठी ‘पर्ट’ नावाची तशीच पद्धत वापरात आणली. कल्पना साधी आहे. कामांची यादी करावयाची, कोणते काम कोणत्यावर अवलंबून आहे ते रेषांनी जोडावयाचे, आणि आरंभापासून शेवटापर्यंतची सर्वांत लांब वाट शोधावयाची. त्या वाटेवरील कामास एक दिवस उशीर झाला की सारा प्रकल्प एक दिवसाने लांबतो. इतर कामांना थोडी सवड असते.

जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली घेतली तरी हे ध्यानी येईल. पाया, भिंती, छप्पर ही निर्णायक वाट. अंगणातील रंगकाम आठवडाभर मागे पडले तर काही बिघडत नाही. पण दरवाजांच्या चौकटी वेळेवर मागविल्या नाहीत, तर गवंडी हातावर हात ठेवून बसतो आणि त्याची मजुरी मात्र चालूच राहते.

गोखले पुलाच्या बाबतीत ही ‘चौकट’ म्हणजे पोलादी गर्डर होय. रुळांवर खांब उभे करता येत नसल्याने एकच लांब गर्डर टाकावा लागतो. येथे प्रत्येकी सुमारे ९० मीटर लांबीचे व सुमारे १,३०० टन वजनाचे दोन गर्डर लागले. त्यांचे सुटे भाग हरियाणातील अंबाला येथील कारखान्यात तयार झाले. तेथे २०२३ च्या पावसाळ्यात पूर आला आणि काम मागे पडले. मुंबईतील रस्त्याची तारीख शेकडो मैलांवरील पावसावर कशी ठरते, याचे हे बोलके उदाहरण आहे. व्यवस्थापकाने आपल्या जागेवरील मजुरांबरोबर आपल्याला न दिसणाऱ्या कारखान्याचाही माग ठेवावयास हवा, तो याच कारणाने.

सुटे भाग जोडून झाले की गर्डर रुळांवर सरकवावयाचा. त्यासाठी रेल्वे गाड्या थांबवून व विजेचा प्रवाह बंद करून रात्री काही तासांचा ‘ब्लॉक’ देते. त्या तासांत काम झाले नाही तर पुढच्या ब्लॉकची वाट पाहावी लागते, कारण पहाटेची पहिली लोकल कोणासाठी थांबत नाही. पहिला गर्डर २ डिसेंबर २०२३ च्या रात्रीपासून पुढे सरकू लागला. नंतर तो सुमारे साडेसात मीटर खाली उतरवावा लागला, आणि हे उतरविणे थोडे थोडेच होते. पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली.

आणि त्याच वेळी लोकांच्या नजरेस एक विचित्र गोष्ट आली. जुहूकडून येणारा बर्फीवाला उड्डाणपूल नव्या गोखले पुलास मिळत नव्हता. दोघांच्या पातळ्यांत मोठा फरक पडला होता. रेल्वेने रुळांवरील मोकळ्या उंचीचे मान वाढविल्यामुळे नवा पूल जुन्यापेक्षा उंच बांधावा लागला होता. ते मान आपल्या जागी रास्तच. तथापि एका बाजूची उंची बदलली की तिला जोडलेल्या प्रत्येक रस्त्याचा आराखडा पुन्हा तपासणे हे आरेखनाच्या पहिल्या टप्प्यातले काम आहे. कागदावर ही दुरुस्ती काही दिवसांची ठरली असती. बांधकामात सर्वाधिक चुका एखाद्या कामाच्या आत होत नाहीत. एकाचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते त्या सांध्यावर त्या होतात, कारण तेथे प्रत्येकाला वाटते की हे दुसऱ्याने पाहिले असेल.

उपाय मात्र धाडसाचा निघाला. बर्फीवाला पूल पाडण्याऐवजी तोच उचलण्याचे ठरले. व्हीजेटीआय आणि आय.आय.टी. मुंबई यांच्या तज्ज्ञांचे मार्गदर्शन घेण्यात आले. पुलाखाली जलदाबावर चालणारे जॅक बसवून त्याची एक बाजू १,३९७ मिलिमीटर व दुसरी ६५० मिलिमीटर उचलण्यात आली. दोन्ही बाजू सारख्या उचलून भागत नव्हते, कारण तुळई आपल्या जागी राहून उतार मात्र बदलावयाचा होता. जॅकचा दाब कमी-अधिक झाला तर काँक्रीटला तडा जाण्याचा धोका. म्हणून थोडे उचलावे, आधार द्यावा, मोजावे, पुन्हा उचलावे, असा क्रम पाळला गेला. वर आलेल्या पुलाखाली नवे आधार उभारून दोन्ही पुलांचे पोलाद व काँक्रीट एकमेकांस सांधले गेले. ४ जुलै २०२४ रोजी जुहूकडून अंधेरी पूर्वेस जाणारी हलकी वाहने या सांध्यावरून धावू लागली.

दुसऱ्या गर्डरचे काम त्यानंतरच्या महिन्यांत झाले. तोही तसाच रात्रीच्या ब्लॉकमध्ये सरकविला गेला, तसाच खाली उतरविला गेला. फरक इतकाच की पहिल्या वेळचा अनुभव हाताशी होता. उतारांचे काँक्रीट, डांबरीकरण, कठडे व पथदीप उरकल्यावर पुलाच्या दोन्ही बाजू एकदम वापरात आल्या, आणि अंधेरीच्या भुयारी मार्गावरील भार त्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वीच हलका झाला.